टेबलाच्या मापाचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर मी निवडला. उगीच दुसऱ्या कुणावर ढकलण्यात अर्थ नाही. अध्यक्षांनी सही केली, व्यवस्थापकांनी शेरा मारला, पण माहितीपत्रकं समोर मांडून ‘हाच घ्या’ असं म्हणणारा मीच होतो. बियाणं-खतं वाटणाऱ्या एका सहकारी संस्थेच्या परभणीतल्या कार्यालयात मी हेडक्लार्क होतो. तिथं मी एकटाच पदवीधर, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हतो.

का विसरू द्यावी? पोखर्णीच्या पलीकडं आमचं खेडं. दिवाळी सरली की आई-बाप कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे आणि मी मामाकडं राहून शाळा शिकायचो. आमच्या सगळ्या भावकीत बी.कॉम. झालेला मी पहिला. त्या शिक्षणाचा मला अभिमान होता, आजही आहे. पण या कॉम्प्युटरच्या बाबतीत ते शिक्षण कुठं कमी पडलं, ते मला सांगायचं आहे.

आधी मास्तरांचं सांगतो. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला तेव्हा मी कॉलेजात होतो. गावोगाव जाळपोळ झाली, कॉलेज बंद पडलं. गावाकडं जावं तर तिथंही तेच. खोलीवर नुसतं पडून राहण्यापेक्षा मी एका टायपिंग क्लासात नाव घातलं. क्लास मास्तरांचा होता. आठ मशिनी, लाकडी स्टुलं, वर एक कुरकुरता पंखा. मास्तर आमच्या बोटांवर फडकं टाकायचे.

“बघून तर कोंबडीबी दाणा टिपती,” ते म्हणायचे. “न बघता मार.”

बाहेर एकमेकांचं तोंड न बघणारी दोन्हीकडची पोरं तिथं मांडीला मांडी लावून बसायची. कुणी वादाचा विषय काढलाच तर मास्तर छडीनं मशीन वाजवायचे. “हितं घंटी वाजली की वळ बदलायची. बाकी काय बदलायचं ते बाहीर जाऊन बदला.”

मास्तर निजामाच्या राज्यात शाळेला गेलेले, त्यामुळं त्यांचं पहिलं शिक्षण उर्दूत झालं होतं. मराठी लिहायला ते पुढं शिकले. इंग्रजी टायपिंग त्याच्याही पुढं. पण त्यांच्याइतकं स्वच्छ मराठी टाईप करणारा माणूस मी पाहिला नाही. ‘व’च्या नि ‘ब’च्या पोटात शाई साचते, ती ते रोज सकाळी टाचणीनं काढायचे.

दहा-बारा वर्षांनी त्यांचा क्लास मोडला. गल्लोगल्ली नवे क्लास निघाले, त्यांच्या मशिनी जुन्या झाल्या, एकेक करून गेल्या. आमच्या संस्थेत टायपिस्टची जागा रोजंदारीवर होती. मी शब्द टाकला आणि मास्तर आले. पहिल्या दिवशी मी उठून उभा राहिलो, तर ज्या माणसानं मला कायम ‘अरे’ म्हणून हाक मारली तो म्हणाला, “साहेब, कुठं बसू?”

हॉलमधलं खिडकीजवळचं टेबल मी त्यांना दिलं. तिथं उजेड चांगला होता.

चारेक वर्षं बरी गेली. मग सभेत ठराव झाला की संस्थेनं कॉम्प्युटर घ्यायचा. शेजारच्या जिल्ह्यातल्या संस्थेनं घेतला होता, आमच्या अध्यक्षांना ते खुपत होतं. व्यवस्थापकांनी मला बोलावलं.

“तू शिकलेला हायेस. औरंगाबादला जाऊन ये. आमाला त्यातलं शेंडा-बुडखा कळत न्हाई.”

एसटीनं दोनदा गेलो. दुकानदारानं मला खुर्ची दिली, थंड पाजलं, ‘सर’ म्हणाला. खोटं कशाला सांगू, छाती फुगली. पाहून-पाहून दोन यंत्रं मनात राहिली. एक मोठं. उभा डबा, भला थोरला पडदा, शिवाय त्याला एसी पाहिजे, काचेचं पार्टिशन पाहिजे, आत जाताना चपला काढायच्या. दुसरं लहान. लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडं व्हीसीआर असतो तेवढा चपटा डबा आणि त्याच्याच डोक्यावर पडदा. एसीची गरज नाही, पंखा पुरे. पत्रं, याद्या, खताच्या वाटपाचे तक्ते ही आमची कामं दोन्हीवर सारखीच होणार होती.

अध्यक्षांचा कल मोठ्याकडं. मोठं घेतलं तर ते मागच्या खोलीत बसवावं लागणार होतं. व्यवस्थापक म्हणाले, “मग तिथली रेकॉर्डची कपाटं हॉलमध्ये आणावी लागतेत. मास्तरचं टेबल उचलू. त्यायला काय, व्हरांड्यातबी बसतेत.”

रोजंदारीच्या माणसाची जागा हलली की पुढं काय होतं ते मी पाहिलं होतं. आमच्याकडं पाण्याचा कूलर आला तेव्हा दारातल्या रोजंदारीच्या शिपायाचं स्टूल जिन्याखाली सरकवलं. कुणी त्याला जा म्हटलं नाही. पण तो दिसेना, म्हणून कुणी हाक मारीना. हाक मारीना, म्हणून काम नाही. दोन महिन्यांनी हजेरीपटावरून त्याचं नाव गेलं आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मास्तर पंचावन्नच्या पुढचे. घरी ते आणि त्यांची बायको. व्हरांड्यात गेले असते तर संपलंच होतं.

म्हणून मी ठरवलं, लहानच घ्यायचा. हॉलमधलं एकुलतं कपाट आणि मास्तरांचं टेबल यांच्यामधली जागा मी टेपनं मोजली. टेपचं दुसरं टोक मास्तरांनी धरलं होतं.

“किती?” त्यांनी विचारलं.

“साडेतीन फूट. एक छोटं टेबल टाकू, त्याच्यावर बसतं. तुमच्या टेबलाला धक्का नाही मास्तर.”

“मग बरं झालं,” ते म्हणाले आणि टेप नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

रात्रंदिवस डोकं खाजवून मी अहवाल लिहिला. लहान यंत्र अध्यक्षांच्या गळी उतरवायचं तर त्याचे गुण भरपूर लिहायला हवेत. मग मी माहितीपत्रकातली वाक्यं उचलली. कमी जागेत मावते. कमी वीज लागते. टंकलेखनाचे व तक्त्यांचे काम एकाच माणसात भागते. हे वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं फक्त अध्यक्ष होते. खिडकीजवळचा माणूस नव्हता.

अहवाल टाईप करायला मी मास्तरांकडंच दिला. दुसरं कोण करणार? मी शेजारी उभा होतो. मशीन एका लयीत चाललं होतं, ‘एकाच माणसात भागते’ इथंही ते अडखळलं नाही. शेवटच्या परिच्छेदाशी मात्र ते थांबलं. दुकानदार दोन माणसांना फुकट शिकवणार होता. तिथं मी लिहिलं होतं, ‘प्रशिक्षणासाठी पुढील दोन कर्मचारी’, आणि पुढं मोकळंच ठेवलं होतं.

“नावं काय टाकू?”

“पहिलं माझं टाका.”

त्यांनी टाकलं. मग बोटं तशीच अधांतरी धरून माझ्याकडं पाहिलं. “आन् दुसरं?”

मी विचार केला. अध्यक्षांचा पुतण्या नुकताच कामाला लागला होता. त्याचं नाव घातलं तर लहान यंत्राला अध्यक्ष आडवे जाणार नाहीत, असा माझा हिशेब. मी पुतण्याचं नाव सांगितलं. मास्तरांनी ते टाईप केलं, तीन कार्बन काढले, कागद जुळवून टाचणी लावली. अहवालात एक चूक नव्हती.

लहान यंत्र मंजूर झालं. मी घरी पेढे नेले.

खोकी आली त्या दिवशी नारळ, हळद-कुंकू, हार, सगळं झालं. मी कपाटाशेजारी नवं छोटं टेबल मांडून ठेवलं होतं. अध्यक्षांनी डब्याकडं पाहिलं आणि हसले.

“आगं माय! एवढुसंच हाय व्हय हे? आमाला वाटलं, काय तरी दांडगं आसंल.” मग हॉलभर नजर फिरवली. “त्या कोपऱ्यात कशाला कोंबता? खिडकीपाशी ठिवा. दारातून येनाऱ्याला दिसलं पायजे.”

मी म्हणालो, “साहेब, ते मास्तरांचं टेबल आहे.”

“मास्तरला ते न्हानगं टेबल द्या की. आन् नाही तरी आता टायपाचं काम ह्याच्यावरच होनार ना? तुमीच लिव्हलंय, एका मानसात भागतंय म्हनून.”

सगळे हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण अध्यक्ष हसले की हसायची पद्धत होती. मीही हसलो असेन. मास्तरांनी स्वतः मशीन उचललं आणि खाली फरशीवर ठेवलं. त्यावर फडकं टाकलं, तेच क्लासातलं असावं. मग रुमालानं टेबल पुसून दिलं.

मोठं यंत्र घेतलं असतं तर ते मागं काचेआड गेलं असतं. कपाटं हॉलमध्ये आली असती, मास्तर व्हरांड्यात का होईना, मशीन घेऊन बसले असते आणि त्यांच्यासाठी भांडायला मला जागा राहिली असती. लहान यंत्र नेमकं त्यांच्या टेबलाच्या मापाचं निघालं. पुढच्या महिन्याच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. व्यवस्थापक मला म्हणाले, “मी काय करू? अहवाल तुझा.” ते खोटं बोलत नव्हते.

यंत्र उत्तम चाललं. कापसाची धूळ खाऊन, वीज गेली-आली सोसूनही चाललं. ते बिघडावं म्हणून मी मनातल्या मनात वाट बघायचो.

दोन-तीन महिन्यांनी मास्तर आले. धुतलेला सदरा, हातात पिशवी. पुतण्या नेहमीप्रमाणं जागेवर नव्हता आणि कॉम्प्युटरवर मी बसलो होतो.

“साहेब, ते मशीन पडूनच हाय म्हनं मागं. मला द्या. तहसीलीपुढं बसतो, लोकायचे अर्ज लिहून देतो.”

“देतो की मास्तर. अर्ज लागेल, मीच करतो टाईप. बसा.”

ते बसले नाहीत. माझ्या पाठीमागं उभे राहिले. मी त्यांचा अर्ज टाईप करू लागलो. पडद्यावर मराठी अक्षरं उमटत होती. त्या यंत्रात मराठीसाठी वेगळं कार्ड घातलेलं होतं आणि कळांचा क्रम जुन्या टाईपरायटरचाच ठेवलेला होता. मला त्यात नवल राहिलं नव्हतं. त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं.

ते वाकले. माझ्या बोटांकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, पुन्हा बोटांकडं.

“अक्षरं तर जिथल्या तिथंच हायेत की हो.”

माझे हात थांबले.

“मी उजवीकडून डावीकडं लिहायला शिकलेला मानूस,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “मग डावीकडून उजवीकडं शिकलो. मग इंग्लिश शिकलो. हे तर कायच शिकायचं नव्हतं.”

“तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत मास्तर?”

“दुसरं नाव कुनाचं, म्हनून इचारलं होतं की मी.”

त्यांनी अर्जावर सही केली आणि गेले. अर्ज बैठकीपुढं गेला. जुनी वस्तू परस्पर देता येत नाही, लिलाव करावा, असं ठरलं. लिलाव कधी झालाच नाही. मशीन मागच्या खोलीत खताच्या रिकाम्या पोत्यांखाली गंजत राहिलं आणि मास्तर बायकोला घेऊन पाथरीला मेव्हण्याकडं राहायला गेले असं कानावर आलं.

वर्षभरात पुतण्या दुसरीकडं चिकटला. कॉम्प्युटरवर माणूस पाहिजे होता. मी व्यवस्थापकांकडं गेलो, मास्तरांचं नाव घेतलं, पाथरीहून मी स्वतः घेऊन येतो म्हणालो. ते म्हणाले, “आरे, आता ती टायपिस्टची जागा ऱ्हायली न्हाई. कॉम्प्युटरची हाय. पदवीधरच पायजे, असा ठराव झालाय. तुझ्यासारखा शिकलेला.”

मास्तर मॅट्रिक होते.

जाहिरात नोटीस बोर्डावर लावायची होती. खिडकीजवळच्या टेबलावर बसून मी ती टाईप केली. पदवीधर असणे आवश्यक. कळांकडं मी पाहिलं नाही. एकही चूक झाली नाही.