रथाच्या चाकाची धाव

लाकडी चाक कसं घासायचं ते मला येतं. शहरात, मेहरूणला माझं फर्निचरचं दुकान आहे, पण हात तयार झाला तो भडगावजवळच्या आमच्या गावात, देवाच्या रथाच्या चाकांवर. आम्ही सुतार. रथ निघण्याआधी चाकं घासून, तेल देऊन तयार करायची, हा आमच्या घराचा मान. मागची दोन वर्षं मी दुकानातल्या कामाचं कारण सांगून गेलो नाही. थोरल्या भावानं एकट्यानं चारही चाकं केली. ते मला टोचत राहिलं.

यंदा लवकर गेलो. म्हटलं, "भाऊ, तू बस. चाकं माझी."

काचेच्या तुकड्यानं जुना थर खरवडला. आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपर मारला. सुती फडक्यानं अळशीचं तेल जिरवलं, वर मेण चोळलं. आऱ्यांच्या बेचक्यांतून बोट फिरवलं तरी कुठे कुसळ लागत नव्हतं. काम उत्तम झालं होतं, हे मी आजही म्हणेन.

आमच्या रथाच्या चाकांना लोखंडी पट्टी नाही, लाकूडच जमिनीला लागतं; त्या कडेलाच आम्ही धाव म्हणतो. रथ थांबवायचा किंवा वळवायचा तर चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, सरकवतात. पुढच्या चाकाची मोगरी भाऊ लावतो.

नारळ फुटला, लोकांनी दोर धरले. भाऊ मोगरी घेऊन वाकला, तेव्हा मला चाकाची धाव उन्हात चमकताना दिसली. जी जमिनीवर टेकते, जिला मोगरी अडवते, ती धावही मी मेण लावून गुळगुळीत केली होती. जास्तीचं करून दाखवायच्या नादात. मोगरी सटकली असती तर भावाचा हात चाकाखाली गेला असता.

मी दोरांपुढे जाऊन उभा राहिलो. "थांबा. धावेला मेण लागलंय. चूक माझी आहे."

लोक कुरकुरले. भावानं धावेवर बोट फिरवलं. "तुले रथनं चाक करनं व्हतं का सोफाना पाय?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. कानस घेऊन बसलो. चाकांना दगड लावायचे, धाव खरबरीत करायची, दगड काढून रथ जरा पुढे घ्यायचा, पुन्हा दगड, पुन्हा कानस. चारही चाकं होईपर्यंत ऊन उतरलं.

"पहिली मोगरी मी लावतो," मी म्हटलं.

"तुनं काम व्हयनं. मोगरी मनी शे." भावानं ती स्वतःकडेच ठेवली.

रथ निघाला. चावडीच्या उतारावर भावानं मोगरी सरकवली. लाकडाला लाकूड कचकन भिडलं आणि रथ तिथंच थांबला.

भाऊ उठला नाही. चाकाच्या चकचकीत बाजूकडे बघत त्यानं हनुवटीवरून हात फिरवला.

"यामा मनं थोबाड दिखस रे. दाढी कराले पाहिजे व्हती."