साडूभाऊंनी गळ्यात बांधलेलं मशीन

माझ्या साडूने मला फसवलं. हे मी कोणाच्या कानात सांगत नाही, सरळ लिहून देतो. भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत एकाही माणसाच्या पहिल्या भावाला मी आजवर हो म्हटलेलं नाही. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रस्त्यावर माझं उपाहारगृह उभं आहे, ते थालीपिठाच्या जोरावर जितकं, तितकंच माझ्या तोंडाच्या जोरावर. अशा माणसाला फसवू शकेल असा अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच प्राणी होता, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला.

साडूभाऊ राहतात ठाण्यात, वर्तकनगरला. आयुष्यभर त्यांनी स्विच आणि बटणं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी केली. कारखाना बंद पडला, पण बटणाचं वेड काही सुटलं नाही. लिफ्टमध्ये शिरले की आपला मजला सोडून आणखी एक बटण दाबतात, "दिवा लागतो का बघितलं" म्हणून. एटीएमबाहेर रांग असली की आत जाऊन अनोळखी माणसाला पैसे कसे काढायचे ते समजावतात. दोनदा पहारेकऱ्याने बाहेर काढलंय. घरच्या सत्यनारायणाला त्यांनी प्रसादासाठी टोकनं ठेवली होती. माझा नंबर सत्तेचाळीस होता. घरात माणसं बावीस. "अहो, माझ्याआधी कोण आहे?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "आकड्यावर जाऊ नका साडूभाऊ, शिस्त बघा." शिस्त बघत मी तीर्थाची वाटी घेऊन बाल्कनीत पाऊण तास उभा होतो.

तर गेल्या गणपतीत माझे काउंटरवाले दोघेही गावाला गेले आणि चवथीपासून थेट बारा दिवसांनी उगवले. मी दोघांच्या नावाने ओरडत असताना साडूभाऊ समोर बसून मिसळ खात होते. शांतपणे म्हणाले, "मशीन कधी गावाला जातं का?" झालं. आठवड्याभरात एका कंपनीचा टायवाला माणूस माझ्यासमोर हजर. गिऱ्हाईक स्वतः पडद्यावर पदार्थ निवडणार, स्वतः पैसे भरणार, स्वतः टोकन घेणार. तुम्ही फक्त तळा आणि वाढा. किंमत सांगितली एक लाख वीस हजार. मी हसलो. मग दीड तास मी त्याला असा घासला की त्याने टाय सैल केला, तीनदा पाणी मागितलं, दोनदा उठून जायचं नाटक केलं. शेवटी एक लाख पाचवर आला. पंधरा हजार उतरवले! साडूभाऊ बाजूला बसून टाळ्या वाजवायचेच बाकी होते. "तुमच्यापुढे कोणाचं चालत नाही हो," म्हणाले. त्या रात्री मी घरी श्रीखंड नेलं.

मशीन आलं आणि मग कळलं की ते खातं. माझ्या दोन्ही काउंटरवाल्यांनी मिळून खाल्लं नसेल इतकं खातं. सॉफ्टवेअरचं दरमहा भाडं वेगळं, त्याचा करार तीन वर्षांचा, मध्ये सोडता येत नाही. कागदाचा रोल त्यांच्याकडूनच घ्यायचा. शुक्रवारी आमच्याकडे वीज जाते म्हणून यूपीएस वेगळा. कांदा महागला म्हणून भज्यांचा भाव पाच रुपयांनी वाढवायचा, तर तो बदलायचे चारशे रुपये. पडदा मराठीत हवा असेल तर त्याचे निराळे. नाहीतर माझं थालीपीठ 'मल्टीग्रेन पॅनकेक' या नावाखाली, वर मधाच्या चित्रासकट. "मध कुठाय?" म्हणून एका मुलीने माझ्याशी भांडण केलं. मी फोन करून टायवाल्याला शिव्या दिल्या, तर तो म्हणाला, "सर, तुमची तक्रार नोंदवली आहे, टोकन नंबर लिहून घ्या."

आणि आमची माणसं? ठाकुर्लीहून दर मंगळवारी एक आजी येतात. एक साबुदाणा वडा खाणार, अर्धा कप चहा पिणार, जाणार. त्या पहिल्यांदाच मशीनसमोर उभ्या राहिल्या. वडा निवडला, तर मशीनने विचारलं, सोबत सोलकढी घेणार का? त्या हो म्हणाल्या. आणखी एक? हो. दही? हो. गोड काही? हो. त्यांच्या टेबलावर चार सोलकढ्या, दोन दही आणि तीन खरवस गेले. मी धावत गेलो. "आजी, अहो हे काय?" त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "इतक्या आग्रहाने विचारतंय रे ते, नाही कसं म्हणू? वाईट वाटेल ना."

आजींचे पैसे मी परत केले, म्हणजे माझ्या खिशातून, कारण मशीनला घेता येतं, देता येत नाही. साडूभाऊ हे सगळं बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला ते इस्त्रीचा शर्ट घालून मशीनशेजारी उभे. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच. "तिला हळू हात लावा, बाई, ती घाबरते," असं गिऱ्हाइकाला सांगत. तुम्ही काय खाता हे ते तुमच्या तोंडून काढून घेत आणि बटण स्वतः दाबत. आग्रहाच्या पाट्या आल्या की ते पडद्याला दटावत, "पुरे, त्यांना शुगर आहे." लोक 'काका, काका' करत त्यांच्याशी बोलायला थांबू लागले. रांग पूर्वी होती त्याच्या दुप्पट झाली. म्हणजे माणूस वाचवायला मी मशीन घेतलं, आणि मशीन वापरायला माणूस लागला. तोही ठाण्याहून येणारा आणि दुपारी दोन थालीपिठं खाणारा. वर मलाच सांगायचा, "बघा, कशी मस्त चाललीय!"

फेब्रुवारीत एका दिवशी रोल अडकला, कंपनीचं वार्षिक देखभालीचं बिल आलं आणि तेल संपलं, हे सगळं एका तासात झालं. साडूभाऊ म्हणाले, "आणखी एक मशीन घेतलं ना, तर रांग निम्मी होईल." माझं डोकं फिरलं. भरल्या दुकानात मी ओरडलो, "किती कमिशन खाल्लंत माझ्या जिवावर? सांगा ना सगळ्यांसमोर! साडू म्हणवता आणि गळा कापता?" साडूभाऊंनी खिशातला रुमाल काढला, पडदा पुसला, रुमालाची नीट घडी घातली आणि गेले. पुन्हा आले नाहीत. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, "ताईकडे ते दिवसभर खिडकीत बसतात म्हणे." मी म्हटलं, बसू देत.

पुढच्या आठवड्यात टायवाला त्या बिलाच्या पैशांसाठी आला. मी त्याला दरडावून विचारलं, माझ्या साडूला किती दिले? तो गडबडला. "सर, गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला आम्ही पंधरा हजार देतो. पण त्यांनी घेतले नाहीत. तुमच्या किमतीतूनच कमी करा म्हणाले."

"पंधरा हजार तर मी उतरवले."

त्याने मान खाली घातली. "ते म्हणाले होते, लगेच कमी करू नका. आधी दीड तास भांडू द्या त्यांना. त्यांना बरं वाटतं."

कमिशन खाल्लं असतं तर मी समजू शकलो असतो. मी स्वतः खातो. पण ज्या सौद्याची गोष्ट मी दुकानात, सोसायटीत, सासरी शंभर वेळा सांगितली, तो सौदा माझा नव्हताच! याला फसवणूक नाही तर काय म्हणतात?

रविवारी मी तडक वर्तकनगर गाठलं. ताई म्हणाल्या, "भावोजी, हे आज सकाळीच बाहेर पडलेत. खालच्या गिरणीत असतील." गिरणीत गेलो तर दारातच तसलंच मशीन. गहू, ज्वारी, भाजणी, बटणं ओळीने. पडद्यावर पिठाचा बोटभर थर, काही दिसत नव्हतं. शेजारी नखशिखान्त पांढरे झालेले साडूभाऊ रुमालाने तो पुसत एका बाईंना सांगत होते, "हळू, ती नवीन आहे." गिरणीवाला मला कोपऱ्यात घेऊन छाती काढून म्हणाला, "भाऊ, एक वीस सांगत होता. पंधरा हजारांनी खाली आणला त्याला! कसा?"

मी तोंड उघडलं. आणि मिटलं. "लई भारी," एवढंच म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घासाघिशीला दाद दिली.

साडूभाऊंनी मला बघितलं. "काय दळायचंय?"

"काही नाही. ते परवा... मी जरा जास्त बोललो."

"दळायचं नसेल तर बाजूला व्हा साडूभाऊ, मागे रांग आहे."

मी बाजूला झालो. तासभर गव्हाच्या पोत्यावर बसून राहिलो. ते बघतील म्हणून. नाही बघितलं.

आता मला उत्तर पाहिजे. कराराची अडीच वर्षं बाकी आहेत. ती सोडवता येत नाहीत, ते माझं मी बघेन. पण रोज साडेअकराला निम्मी माणसं मशीनसमोर उभी राहतात आणि पडद्याला हात न लावता मलाच विचारतात, "काका कुठायत?" त्या लोकांना मी काय सांगायचं? टायवाल्याकडे याचं उत्तर नाही, त्याच्या कंपनीकडे नाही. ज्याने हे सगळं माझ्या गळ्यात बांधलं त्याने ते द्यायचं आहे. आणि फोनवर चालणार नाही. मानपाड्याला यायचं, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि माझ्यासमोर उभं राहून द्यायचं.