नाथाची गाडी आणि गोडं पाणी

कळव्याच्या नाथाने मोटार घेतली तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं, आणि गावाचं फारसं चुकलंही नाही. मिठागरवाल्याच्या दारात बैल असावेत, फार तर खाडीला होडी असावी. याने घेतली ती मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाची जुनी गाडी. दारं दोन, बसणारी माणसं दोन, छप्पर मागे उतरत गेलेलं, आणि बूड जमिनीला इतकं जवळ की खालून जाताना कोंबडीनेही मान वाकवावी. साहेब तिला ‘स्पोर्ट्स कूपे’ म्हणे. नाथाचा बाप राघो म्हणाला, “जिच्यान दोन गोनी मीठ नाय मावत, ती कसली गाडी?”

नाथाला मीठ न्यायचंच नव्हतं. त्याला बायकोला न्यायचं होतं. गोदा डोंबिवलीजवळच्या कोपरची. तिला शेजारी बसवून, दिवसाढवळ्या तिच्या माहेरच्या दारात गाडी उभी करायची, एवढाच त्याचा ध्यास. पण आगऱ्याची सून नवऱ्याच्या मागून चालायची, आणि या गाडीला मागची जागाच नव्हती.

“अवो, बाबांचे देखत तुमचे बाजूला बसू? लोकं काय बोलतीन?” गोदा म्हणे. मनातून तिलाही बसायचं होतं, हे नाथाला ठाऊक होतं. म्हणून तर त्याचा जीव तुटायचा.

तोवर गाडी जपणं तेवढं त्याच्या हाती होतं. जुनी विलायती गाडी म्हणजे पांढरा हत्ती. आज कार्बोरेटर तुंबला, उद्या गाडी सुरू करायला हँडल मारून मारून खांदा निखळायची वेळ. नाथा कधी कुरकुरला नाही. भरती आली की खाडीवरून बादल्या भरून आणायचा आणि गाडीला वरून-खालून आंघोळ घालायचा. होडी अशीच तर राखतात. गोडं पाणी कुजवतं, खारं पाणी टिकवतं, हे आज्यापणज्यापासून चालत आलेलं. गाडी लाकडाची नाही, लोखंडाची आहे, हा विचार त्याच्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. प्रेम आंधळं असतं म्हणतात. नाथाचं तर अडाणीही होतं.

एका शिमग्याला राघो मिठागरावर गेलेला बघून गोदा एकदाची कबूल झाली. ठेवणीतलं लुगडं नेसली, नथ घातली आणि इकडेतिकडे बघत चटकन आत बसली. अजून वेसही ओलांडली नव्हती. खड्डा आला, गोदाने घाबरून पाय रोवला, आणि पाय गाडीच्या तळातून आरपार खाली! गाडी थांबली तेव्हा गोदा आत आणि तिचं पाऊल रस्त्यावर. सगळा पाडा गोळा झाला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कुणीतरी धावत जाऊन राघोलाही घेऊन आलं, आणि सासऱ्याच्या देखत तिचा पाय सोडवावा लागला. पायाला थोडंसंच खरचटलं होतं, पण अब्रूचं पार खोबरं झालं.

“आता मेली तरी नाय बसाची,” ती म्हणाली.

नाथाने गाडी खाडीच्या पुलावरून पलीकडे खोपटला पोपट मिस्त्रीकडे नेली. पोपट मूळचा घाटावरचा. त्याने खालचा भुसभुशीत गंज उकरला, बोट जिभेला लावलं आणि कपाळावर हात मारला.

“आरं नाथा, तू गाडी धुतोस का लोणचं घालतोस?”

त्याने तळाला नवा पत्रा मारला, त्याला जळकं ऑईल फासलं आणि बजावलं, यापुढे हिला गोडंच पाणी.

गोडं पाणी! ते गावाबाहेरच्या एकाच विहिरीला, आणि बायकांनी डोक्यावरून आणायचं. घरी येऊन नाथाने गोदाकडे नुसतं पाहिलं.

“माझे डोक्यावरचा पानी त्या गाडीला? एक थेंब नाय देनार!” ती कडाडली. तिचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी नाथाने स्वतःच हंडा उचलला. विहिरीवर बाप्या आलेला बघून हशा पिकला. शेजारची आवडाबाई ओरडली, “काय रं नाथा, आता लुगडा पन नेस!” नाथा शरमेने मेल्यासारखा झाला, पण त्याने हंडा भरलाच. निम्मं पाणी अंगावर सांडलं. अर्ध्या वाटेत मान मोडायला आली, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की गोदा लग्न झाल्यापासून हे रोज करते आहे. तो गाडीपाशी थांबला नाही. थेट घरात गेला आणि हंडा गोदाच्या रांजणात ओतला. गाडीला पाणी मिळालं ते दुसऱ्या खेपेचं, आणि पुढे रोज तसंच चाललं.

राघो कितीतरी दिवस त्याच्याशी बोलला नाही. लोकांनी नावं ठेवली आणि शेवटी लोकही कंटाळले. पावसाळा गेला, दिवाळी आली, नव्या पत्र्यावर गंजाचा ठिपका नव्हता.

भाऊबीजेला गोदा कोपरला जायला नटून बाहेर आली. नाथा सवयीने स्टेशनच्या वाटेला लागला. ती मात्र गाडीपाशी थांबली. दार उघडून तिने आधी पायाने तळ दाबून पाहिला आणि मग बसली. शेजारणी अंगणात होत्या, भर दुपार होती, तरी तिने तोंड लपवलं नाही. नाथा धावत परत आला आणि हँडल मारायला लागला.

वेशीवरच समोरून राघो आला. वाट अरुंद. नाथाने ब्रेक दाबला. गोदाचा हात उतरण्यासाठी दाराच्या कडीकडे गेला. राघो तिच्या बाजूला आला आणि त्या बुटक्या गाडीपुढे कमरेत वाकला.

“बस, बस. काच वर घे गो पोरी, वाटंला धूल हाय,” तो म्हणाला, आणि गाडीला जायला जागा देऊन स्वतः बांधावर चढला.

गोदाला रडू फुटलं. नाथालाही समोरचं काही दिसेना, म्हणून तो जरा वेळ तसाच थांबून राहिला.