पैंजणावर चालणारी

"आवं काकी, उजव्या पायात चप्पल हाय का बघा की," असं म्हणतच ती आमच्या दारातून आत यायची. बहुतेक वेळा नसायची. गल्लीच्या तोंडाशी कुठेतरी गळून पडलेली असायची आणि हिला पत्ताच नसायचा. मग आम्ही दोघी हसायचो. तुम्ही म्हणाल, यात हसण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पण रडून झालं होतं तिचं.

ती शेजारच्या घरची सून. नवरा विट्यातल्या इतर पोरांसारखाच लांब तामिळ मुलखात सोनं गाळायचं दुकान टाकून बसलेला. लग्नानंतर तीही तिकडेच होती, दुकानामागच्या खोलीत. बाळंतपणापुरती इकडे आली. आई नव्हती, म्हणून पहिलटकरीण असूनही सासरीच राहिली. बाळ थोडं मोठं झालं की परत जायचं ठरलेलं होतं.

सिझेरियन झालं. त्यासाठी कंबरेत भुलीची सुई दिली. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी डावा पाय जागा झाला, उजवा गुडघ्याखाली झोपूनच राहिला. डॉक्टर म्हणाले, "कंबरेतली सुई सगळ्यांनाच देतो आपण. होईल बरा." सासू म्हणाली, "सगळ्या उठून कामाला लागत्यात. हिलाच बरा पाय जड झालाय." बाळंतीण बाई खोटं बोलते यावर आपल्याकडे सगळ्यांचं चटकन एकमत होतं.

खोटं नव्हतं हे शेगडीनं सिद्ध केलं. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक द्यायची रीत तुम्हाला माहीत असेलच. त्या दिवशी मी तिथेच बसले होते. ती पोरीला पाजत होती, पाय बाजेवरून खाली घसरलेला. सासूला करपट वास आला. "दूध उतू गेलं वाटतं," म्हणत ती स्वयंपाकघरात धावली. दूध ठीक होतं. टाच शेगडीवर टेकली होती, आणि ही माझ्याकडे बघून पोरीच्या जावळाबद्दल काहीतरी सांगत होती.

मग सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टाचणी टोचून पाहिली. म्हणाले, "लाखात एखादीला होतं असं. नसेला धक्का बसतो. आता येईल तेवढं येईल." लाखातली ती एखादी आमच्या भिंतीपलीकडे राहत होती, एवढाच काय तो फरक.

नवऱ्याचा फोन आला तो सासूला. "पाय बरा झाल्याबिगर लावून देऊ नगंस. हितं भट्टी हाय, तेजाब हाय. हिला कळायचं न्हाई." त्याचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. पण पुढच्या फोनवर तो बोलला, की पोरगी चालायला लागली की त्याची आई तिला घेऊन तिकडे जाईल. सुनेनं इथं घर सांभाळावं. ज्या पोरीपायी पाय गेला, ती पोरगी पण जाणार होती.

"काकी, पाय न्हाई तर न्हाई. पोर कशी सोडू?" ती म्हणाली. आणि त्या आठवड्यात पेठेत जाऊन तिनं घुंगरांचे जाड पैंजण आणले. सासू म्हणाली, "पाय मेला अन् नखरा आला."

नखरा कसला. पाय जमिनीला टेकल्याचं पायाला कळत नव्हतं, ते ती कानानं ओळखायला शिकत होती. दुपारी सासू झोपली की आमच्या गच्चीवर यायची. मी ब्लाउजना हुक लावत बसायचे. ती समोरच्या पाण्याच्या टाकीवर नजर ठेवून, खाली न बघता चालायची. "पाय वडतोय का वो?" "थोडा." "आन् आता?" घामानं निथळायची. चपला टाकून मागे पट्टा असलेली सँडल घेतली. बघता बघता अशी चालायला लागली की मीच फसावं.

नवरा यात्रेला आला. सगळ्या घरादेखत म्हणाला, "डोळं मीट." आणि उजव्या पायाला चिमटा काढला. पैंजण किंचित वाजला. "आई गं," ती म्हणाली, अगदी वेळेवर. सासूनं देवापुढे नारळ फोडला. मी खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. आजवर इतकं कडू खोबरं मी खाल्लेलं नाही.

यात्रा झाल्यावर पोरीला कडेवर घेऊन ती त्याच्याबरोबर गेली. त्या भट्टीच्या घरात.

काही वर्षांनी एका दिवाळीला मी फोन केला. पोरगी शाळेत जाते म्हणाली, तिकडची भाषा फाडफाड बोलते म्हणाली. मागे कसला तरी पंखा घुमत होता, नवऱ्याचा आवाज येत होता. माझ्यानं राहवलं नाही. हळूच विचारलं, "पाय कसा आहे गं?"

ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कुठला पाय, काकी? माझ्या पायाला काय झालंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "चुकून विचारलं."