धाकटीला हात लावायचा नाही

आमच्या जाऊबाई कशा आहेत असं कोणी विचारलं, की मी आधी हे सांगते: माझ्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, हातात ओलं फडकं घेऊन तिनं चार माणसांत मला विचारलं होतं, "चहा तरी येतो ना गं तुला?" पंधरा वर्षं झाली त्याला. तोंडावर मी तिला ताई म्हणते, अहो-जाहो करते. मनात एकेरीच. इथेही एकेरीच राहू दे.

आम्ही दोघी एकाच शाळेत संगणक शिकवतो. ती तळघरातल्या खोलीत, आठ यंत्रं, त्यातली पाच जिवंत. मी वरच्या मजल्यावर, लहान मुलांना. दोघी हंगामी. तिची हंगामी नोकरी चौदा वर्षांची, माझी सहा. मग एक दिवस शाळेच्या मोठ्या बाईंनी आम्हाला बोलावलं आणि सांगितलं, वरच्या वर्गांसाठी एक जागा कायमची होणार आहे. एकच. संगणकाची पदव्युत्तर पदवी लागेल. आधी पास होईल तिला जागा, दोघी एकदम झालात तर मार्क बघू. "कुठेही गेली तरी तुमच्याच घरात जाणार की," असं म्हणून त्या हसल्या. हसायला त्यांच्या बापाचं काय जातंय!

घरात ही बातमी कळल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "स्वयंपाकाचं काय?" दोघींचे नवरे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. ती म्हणाली, "मी फॉर्म भरणार." मी म्हटलं, "मग मीही." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या ताटातलं उचललं.

कॉलेजचे वर्ग शाळा सुटल्यावर असायचे. वर्गात सगळी विशी-बाविशीची मुलं, त्यांत मी चौतिशीची आणि ती एकेचाळीसची. पहिल्याच प्रात्यक्षिकाला तिचा प्रोग्रॅम चालेना. दोन तास ती पडद्यावर नाक टेकवून बसली. शेवटी मागच्या बाकावरच्या एका कारट्यानं येऊन बोट दाखवलं. एका ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला होता. तेव्हापासून ती प्रत्येक ओळ संपली की मोठ्यानं म्हणायची, "अर्धविराम." वर्गभर ऐकू जायचं. झालं! मुलांनी तिचं नाव ठेवलं अर्धविराम काकू. मी पोट धरून हसले. घरी येऊन सासूबाईंनाही सांगितलं. त्याही हसल्या. तिनं भांडी जरा जोरात आपटली, एवढंच.

पण खरं ते सांगते, नाही तर म्हणाल ही नुसती गरळ ओकते. बाई चिवट आहे. विसाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा तिची पदवी अर्धी राहिली होती. पुढची तिनं टपालानं केली, ओट्यामागच्या खिडकीत पुस्तक उभं करून. पानांवर फोडणीचे डाग आहेत, मी पाहिले आहेत. प्रोग्रॅमसुद्धा ती आधी पेन्सिलीनं लिहायची, मुलांच्या तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. मग एकेका कंसावर टिंब देत मोजायची, उघडले किती, मिटले किती. मी थेट टाइप करायचे. माझा वेग तिच्या चौपट. तिचा प्रोग्रॅम मात्र पहिल्या फटक्यात चालायचा आणि माझा बसायचा रुसून. हे बघून माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, लपवून काय उपयोग.

घरात संगणक एकच, दोन खोल्यांच्या मधल्या बोळात. पहाटे पाच ते सात तिचा, रविवारी दुपारी माझा, शनिवारी भांडणाचा. ती उठताना खुर्ची खाली करून ठेवायची, मी वर. "ताई, खुर्चीला हात लावू नका म्हणून गेल्या वर्षी चौदा तारखेला सांगितलं होतं," असं मी म्हटलं की ती कपाळावर हात मारायची. "तारखेसकट? अगं, तुझ्या डोक्यात काय पेटी आहे का?" मी म्हणायचे, "आहे. तुमची एकेक गोष्ट आहे त्यात." आणि मी चहापासून सुरुवात करायचे.

शेवटच्या सहामाहीत प्रत्येकाला एक मोठं काम करून दाखवायचं होतं आणि त्यावर तोंडी परीक्षा. त्यात नापास तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं म्हणजे जागाही गेली. तिनं घेतलं शाळेचं वेळापत्रक. कोणत्या वर्गावर कोणता शिक्षक, कोणत्या तासाला, हे संगणकानं आपोआप बसवायचं. मी घेतली मुलांची हजेरी, चेहरा ओळखून लावायची. ऐकायला झकास. प्रत्यक्षात माझ्या यंत्रानं सासूबाईंना आमचे भावजी म्हणून ओळखलं. तीन आठवडे उरलेले असताना माझ्या सरांनी ते बघितलं आणि फाइल माझ्याकडे सरकवली. "बाई, हे परीक्षकांना दाखवू नका. माझी अब्रू जाईल."

माझ्या पाचावर धारण बसली.

त्या रविवारी दुपारी सगळे आडवे झाले होते. मी संगणक लावला आणि तिची फाइल उघडली. तिनं कधी कुलूप घातलंच नव्हतं, घरच्या माणसांपासून कसलं कुलूप? आता यात मी नुसतं बघणारच होते, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं ते विचारू नका.

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गोष्ट साठवायच्या जागेला नाव द्यावं लागतं. लोक देतात अ, ब, क. हिनं इंग्रजी अक्षरांत सगळं खानदान मांडून ठेवलेलं! जो भाग प्रत्येक मांडणी तपासून बहुतेक वेळा "नाही" म्हणतो, त्याचं नाव सासू. रिकाम्या तासांची यादी होती, तिचं नाव भावजी. म्हणजे तिचा दीर, माझाच नवरा. बदली शिक्षक म्हणजे पाहुणा. मला हसूच आलं, खोटं कशाला बोलू. आणि मग खाली दिसलं, धाकटी.

धाकटी म्हणजे मी. मी बघत गेले. दर थोड्या ओळींनी सगळं वेळापत्रक त्या धाकटीत नेऊन टाकलं होतं आणि पुढे तिचा काही उपयोगच दिसत नव्हता. नुसतं टाकायचं. म्हणजे उकिरडा! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हजारभर ओळींचा प्रोग्रॅम, शेवटपर्यंत वाचायला थांबतंय कोण? मी म्हटलं, माझं नाव कचऱ्याला देतेस काय? थांब.

आणि मी अख्खा प्रोग्रॅम उचलला. सासूचं नियम केलं, भावजींचं रिकामे, पाहुण्याचं बदली. धाकटीच्या जागी ठेवला नुसता क्ष. सरांना सांगितलं, विषय बदलला. त्यांच्याकडे चाळीस मुलं, त्यांनी न बघता सही ठोकली. तिचे सर वेगळे. कोणाला कळणार होतं?

परीक्षेच्या दिवशी नंबर आडनावाप्रमाणे लागले. आडनाव एक, नाव माझं आधी. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा कपाळावर चढवून बसले होते. मी पोपटासारखी बोलले. वेळापत्रक झरझर भरलं. "छान," ते म्हणाले. मी बाहेर आले. ती आत जाताना माझ्याकडे न बघता पुटपुटत होती, कदाचित अर्धविरामच.

दहा मिनिटांत शिपाई बाहेर आला. "तुम्हालाही आत बोलावलंय."

आत दोन पडद्यांवर दोन प्रोग्रॅम शेजारी शेजारी उघडे होते. ओळीला ओळ. परीक्षक तिलाच विचारत होते, "काय हो बाई, वयानं मोठ्या ना तुम्ही? घरातल्याच मुलीचं काम उचललंत? त्यांचं मी आधी पाहिलंय." तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी मूग गिळून गप्प बसले.

मग तीच म्हणाली, "सर, मी कितीही सांगितलं तरी तुम्हाला खरं का वाटावं? दोघींना काम विचारा."

परीक्षकांनी आधी मला विचारलं. "हे क्ष कशासाठी?"

"काही नाही सर," मी म्हटलं. "कचरा आहे. चुकून राहिलाय. काढला तरी चालेल."

"काढा मग."

मी क्षच्या सगळ्या ओळी पुसल्या. शेवटच्या पानावर एक होती, ती तेव्हा पहिल्यांदा बघितली. तीही पुसली. परीक्षक म्हणाले, "आता दोन शिक्षक रजेवर टाका आणि चालवा." तास भरत गेले, भरत गेले, एका ठिकाणी अडले आणि सगळा तक्ता रिकामा झाला. एक वर्ग नाही, एक तास नाही. पांढरा पडदा.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे इथे काहीतरी दुसरं नाव दिसतंय. हे काय?"

"धाकटी," ती म्हणाली. तिचा आवाज रागानं चढला होता. "तास बसवताना कुठेतरी अडतंच सर. अडलं की मागे फिरावं लागतं. शेवटचं जे वेळापत्रक नीट बसलं होतं, ते हिच्याकडे ठेवलेलं असतं. ही आहे म्हणून परत जाता येतं. बाकी काहीही बदला, धाकटीला हात लावायचा नाही." तिनं ते दोन शिक्षक रजेवर टाकले. तिचं यंत्र अडलं, एक पाऊल मागे गेलं, वाट बदलली आणि तक्ता भरला.

परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्या नावापुढे काट मारली. मला म्हणाले, "जा."

बाहेर कॉलेजच्या व्हरांड्यात मी तिला अडवलं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! "माझंच नाव कशाला दिलंत तुम्ही?" मी म्हटलं. "टोमणा मारायला ना?"

"टोमणाच आहे," ती म्हणाली. "मला एक जागा हवी होती, जी मागचं काही म्हणजे काही विसरणार नाही. सोळा वर्षं शाळेत, तेवीस वर्षं घरात, तुझ्याइतकं जुनं धरून ठेवणारं मी दुसरं कोणी पाहिलं नाही. एक कप चहा तू अकरा वर्षं सांभाळलास. दुसरं कोणतं नाव देणार होते मी?" ती दोन पावलं गेली आणि परत वळली. "चोरलंस ते सोड. आत मला चोर म्हणाले तेव्हा तू गप्प बसलीस. हे आता मी धरून ठेवणार. तुझ्याकडूनच शिकले."

घरी तिनं ब्र काढला नाही. तुम्ही म्हणाल, केवढं मोठं मन! मन कसलं डोंबलाचं. रोज जेवताना सासूबाई विचारायच्या, "दोघींनी एकच अभ्यास केला, मग ही कशी गं राहिली?" ती वाढता वाढता माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "विचारा तिलाच."

जागा तिला मिळाली. मी पुढच्या वर्षी पास झाले, स्वतःचं काम करून, पेन्सिलीनं कंस मोजून. त्याचा आता कोणाला उपयोग नव्हता. मी अजून वरच्या मजल्यावर, अजून हंगामी.

शाळेनं तिचा प्रोग्रॅम वापरायला घेतला आहे. शाळा सुरू व्हायच्या आधी सगळे शिक्षक तळघरात जमतात आणि मोठ्या पडद्यावर वेळापत्रक लागतं. मध्येच ते अडतं. तेव्हा पडद्यावर एक ओळ येते, तिनं मागाहून घातलेली: "थांबा, धाकटीला विचारते." पहिल्या वर्षी चित्रकलेच्या सरांनी विचारलं, "ही धाकटी कोण बुवा?" ती म्हणाली, "ही काय, माझी जाऊ. तिला सगळं आठवतं." सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. ती हसली नाही.

आता दर वर्षी ती ओळ येते आणि लोक हसतात. माझं म्हणाल, तर खुर्चीची चौदा तारीख, चहाचा गुरुवार, हे सगळं हल्ली पुसट व्हायला लागलं आहे. भांडायला उभी राहिले तरी धड आठवत नाही. एकच आठवतं. मंगळवार, तेवीस तारीख, सकाळचे साडेअकरा. ती माझ्याकडे बघत होती आणि मी बोलले नाही.