स्टोअरच्या मामांनी गेमचं मशीन घेतलं

“जुनं दाखवा, नवं न्या.” वाळूजच्या आमच्या कारखान्यात स्टोअरच्या खिडकीतून दिवसभर एवढंच ऐकू यायचं. हातमोजे हवेत? आधी फाटके द्या. ड्रिल बिट हवं? बोथट झालेलं ठेवा. एकदा खुद्द मॅनेजरसाहेबांनी टॉर्चसाठी नुसती चिठ्ठी पाठवली, तर ती तशीच परत आली. मागं लिहिलं होतं, ‘जुना टॉर्च?’

स्टोअरकीपरना सगळा कारखाना मामा म्हणायचा. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. रिकाम्या टेबलावरचा पंखा जाता जाता बंद करणारा, आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवणारा. तुम्ही त्याला हसलाही असाल. आम्ही तर रोज हसायचो. जेवणाच्या सुट्टीत मामा सुईदोरा घेऊन बसायचे आणि आम्ही टाकलेले मोजे शिवायचे. बोथट बिटांना ग्राइंडरवर धार लावून पुन्हा फळीवर ठेवायचे.

“मामा, माल कंपनीचा. तुमच्या खिशातून जातंय का काही?” मी विचारायचो.

“खिसा कुणाचाबी असो, वाया कामून घालायचं?”

हाच माणूस पिशोरला गावी गेला की पिशवीभर अद्रक आणायचा आणि खात्याखात्यात वाटायचा. त्या अद्रकाचा चहा आमच्याकडे प्यायला नाही असा एकही जण नव्हता. हे ध्यानात ठेवा.

मामांना दोन मुली. धाकटी सातवीत होती. गारखेड्यात त्यांच्याच बिल्डिंगमध्ये एका घरी व्हिडिओ गेम आला होता, तो बघायला ती जायची. एक दिवस मामा खिडकीशी गप्प बसलेले दिसले. फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, “पोरगी तासभर दारात हुभी होती. ती बाई म्हणली, बघ, पण हात लावू नको.” मग मोज्यात सुई घातली आणि पुन्हा म्हणाले, “हात लावू नको म्हणली.”

त्यानंतर दीड वर्ष मामांनी एक ओव्हरटाइम सोडला नाही.

मशीन घ्यायला मला बरोबर नेलं. दुकानात उभ्याउभ्या त्यांनी वॉरंटीचं कार्ड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. “लाइट गेली तर खेळ पुन्हा पहिल्यापासून का?” असं विचारलं. आणि सवयच ती, बदल्यात घरचा जुना रेडिओ घेता का, तेही विचारून पाहिलं. दुकानदार हसला, मीही हसलो. घरी आल्यावर खोकं बुद्धमूर्तीपुढं ठेवलं, मेणबत्ती लावली. धाकटी लांबच उभी होती.

“लाव हात,” मामा म्हणाले. “तुझंच हाय.”

तेव्हाचा बापलेकींचा फोटो मी काढला आणि कौतुकानं कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. तो गाढवपणा माझा.

पहिल्या दिवशी नुसते अंगठे आले. दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली. मोजे शिवणाऱ्याकडे एवढं महागाचं मशीन? स्टोअर हातात असलं की सगळं जमतं. एक जण तर म्हणाला, “यांना बरं परवडतं.” त्या ‘यांना’मध्ये काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या कुणी चारचाकी घेतली की पेढे मागणारे हेच लोक. फुकटचं अद्रक वर्षानुवर्षं खाल्लेले हेच लोक! आजही त्यातला कुणी समोर आला की माझं डोकं फिरतं.

कुणीतरी निनावी अर्ज केला आणि स्टोअरची मोजणी लागली. मोजणाऱ्या तिघांत माझं नाव होतं. नकार द्यायला हवा होता. मी दिला नाही.

मामांनी मशीनचं बिल लॅमिनेट करून आणलं होतं. ज्यानं कधी पाकीट विकत घेतलं नाही, त्यानं त्या कागदावर खर्च केला. मोजणीच्या साहेबांपुढं त्यांनी ते धरलं. साहेबांनी बघितलंसुद्धा नाही.

तीन दिवस आम्ही फळ्या मोजल्या. एक वायसरही कमी भरला नाही. उलट रजिस्टरपेक्षा माल जास्त निघाला. निघणारच! नियमानं भंगारात जायचे ते मोजे आणि बिटं मामांनी नीट करून फळीवर ठेवली होती. वाचवलेल्या मालाला रजिस्टरात रकानाच नव्हता. साहेबांनी शेरा मारला, ‘साठ्यात तफावत’.

“साहेब, कमी भरलं का काही?” मामांनी विचारलं.

“नाही. जास्त आहे.”

“मंग?”

“तफावत ती तफावत.”

मामांच्या हातात मेमो पडला. वीस वर्षं ज्यानं बोथट बिटसुद्धा वाया जाऊ दिलं नाही, त्याच्याकडे लेखी खुलासा मागितला, आणि मी शेजारी पेन धरून उभा होतो.

निवृत्तीला दोन वर्षं असताना मामांनी राजीनामा दिला. निरोपाला त्याच लोकांनी शाल घातली, ‘प्रामाणिकपणाचं दुसरं नाव’ वगैरे भाषणं ठोकली. मामांनी शाल उतरवून घडी घातली आणि विचारलं, “हिची पावती हाय का? उद्या कुणी इचारलं, कुठून आणली, तर?” सगळे हसले. मामा हसत नव्हते.

मागच्या महिन्यात मी गारखेड्याला त्यांच्याकडे गेलो. माफी मागायची होती. मामांनी ती मागूच दिली नाही. “लई झालं ते आता,” म्हणाले आणि मला टीव्हीसमोर बसवलं. धाकटी त्याच मशीनवर फुटबॉल खेळत होती. पडद्यावर हजारो माणसं तोंडं उघडून ओरडत होती, पण खोलीत चिटपाखरूही नसल्यासारखी शांतता.

“आवाज बिघडला का गं?”

“नाय काका. जिन्यात ऐकू जातं.”

तेवढ्यात तिनं गोल केला. ती ताडकन उठली, तोंडावर हात दाबला, आणि दोघा बापलेकींनी एकदमच दाराकडे पाहिलं.