शेवटचं क्रियापद

इस्पितळात तिला सगळे भिंगरी म्हणायचे. सोळा वर्षं तिथं आयाचं काम केलं, पण तिला खुर्चीला टेकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आज तर दुपारी तीनला जपानमधल्या एका वृद्धाश्रमाच्या कामासाठी मोबाइलवर मुलाखत होती, आणि सकाळपासून तिनं तोच ओटा चारदा पुसला होता.

जपानी भाषेची तिला भीती नव्हती. शिकवणीच्या बाईंनी क्रियापदाला 'ते'चं शेपूट लावून वाक्य लांबवायला शिकवलं होतं, आपल्या 'उठून, धुऊन'सारखं. विशेषणंही तशीच जोडायची: खोली स्वच्छ असून उजेडाची. भीती वेगळीच होती. घरात सांभाळायचं माणूस असेल, तर मुलाखतीत त्याचा होकार कॅमेऱ्यासमोर हवा, अशी आश्रमाची अट होती. नवरा गेल्यापासून घरात ती आणि कंबर मोडून दोन वर्षं खाटेवर पडलेल्या सासूबाई. त्यांना तिनं अजून चकार शब्द सांगितला नव्हता.

"ओकिते, उठून. अरात्ते, धुऊन. फुइते, पुसून..." सासूबाईंना कुशीवर वळवताना ती पुटपुटली.

"महिनाभर ऐकतेय," सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "उठून, धुऊन, पुसून! मालगाडीसारखे नुसते डबेच डबे. शेवटी करतेस काय, ते सांग की एकदा."

पाठीला पावडर लावणारा तिचा हात थांबला.

"जाते," ती म्हणाली. "जपानला. तीन वर्षं. वन्सं इथं येऊन राहतील म्हणाल्यात. पण तुमचा होकार लागतो. आजच, तीन वाजता."

घड्याळात पावणेदोन. तिनं पावडरच्या डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

"माझ्या लेकीला साधी उशी सरळ ठेवता येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "ती मला वळवणार?"

"मी शिकवून जाईन."

"आणि मला विचारायला आजचा मुहूर्त काढलास! लबाड कुठली."

"धीर होत नव्हता, आई."

"मग आता बघत काय राहिलीस? उठवून बसव मला. वेणी घाल. परक्या लोकांपुढं अशी लोळत 'हो' म्हणू?"

भिंगरीनं कंगवा घेतला. केस मूठभरही उरले नव्हते, तरी तीन पेड धरताना दर वेळी एक तिच्या हातून निसटत होता.

"सावकाश," सासूबाई म्हणाल्या. "अजून तासभर आहे."